भोपळा, राख आणि सामू

परीक्षेचे पेपर तपासताना आजवर मी किती भोपळे वाटले असतील याचा हिशेब माझ्याजवळ नाही. खरे म्हणजे मराठीच्या प्राध्यापकाला भोपळे वाटण्याची संधी कमीच मिळते. आमच्या विषयात दोन ओळी खरडणाऱ्यालाही चार गुण द्यावे लागतात. गणित आणि रसायन शिकवणारे आमचे सहकारी या बाबतीत अधिक उदार! पण भोपळा देणे निराळे नि भोपळा पिकवणे निराळे, हे कळायला मला तुळजापुरात घर बांधून परसात दोन-अडीच गुंठे मोकळी जागा राहावी लागली. त्यातूनही कळले ते सरळ वाटेने नाही. आधी माझी फजिती झाली, आणि ती फजिती माझ्या एकट्यापुरती राहिली नाही. म्हणूनच ही हकीगत सांगायची.

सुरुवात झाली ती एका गोष्टीने. आमची धाकटी तेव्हा तिसरीत होती. लेकीकडचा पाहुणचार झोडून, वाघाला चुकवण्यासाठी भोपळ्यात बसून घरी परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट मी तिला शंभराव्यांदा सांगत होतो. वाघ आला, कोल्हा आला, भोपळा उतारावरून निघाला, आणि धाकटीने मध्येच विचारले, "बाबा, म्हातारी मावेल एवढा भोपळा खरंच असतो का हो?"

मी बाप, त्यात प्राध्यापक. "असतो की!" म्हणून मोकळा झालो.

"मग आपल्या परसात लावा."

झाले! दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन मी भोपळ्यांचा शोध सुरू केला. आणि वाचकहो, माझे विधान खोटे ठरले नाही. कॅनडातल्या गोडरिच गावच्या विल्यम वॉर्नॉक नावाच्या गृहस्थांनी 1904 साली सेंट लुईच्या जागतिक प्रदर्शनात 403 पौंडांचा, म्हणजे जवळजवळ 183 किलोंचा भोपळा नेऊन ठेवला होता. पुढे 1976 पर्यंत, म्हणजे बहात्तर वर्षे, त्याहून मोठा भोपळा कुणाला साधला नाही. मग त्याच देशातल्या नोव्हा स्कॉशियाचे एक शेतकरी हॉवर्ड डिल यांनी वर्षानुवर्षे निवड करून एक वाण तयार केले आणि 1979 पासून लागोपाठ चार वर्षे जगज्जेतेपद पटकावले. आज जगात जे अजस्र भोपळे पिकतात ते बहुतेक या डिल यांच्या वाणाच्या वंशातले. 2012 साली अमेरिकेत एकाने दोन हजार पौंडांची मर्यादा ओलांडली, आणि 2025 च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या दोघा जुळ्या भावांचा भोपळा 1278.8 किलोंचा भरला! एवढ्या भोपळ्यात म्हातारी, तिची लेक, जावई आणि वाघसुद्धा गुण्यागोविंदाने बसतील.

हे सगळे विलायती भोपळे. आमच्या बाजारात जो तांबडा भोपळा येतो तो त्यांचा चुलतभाऊ म्हणावा असा. जात वेगळी, अंगलट वेगळी. शिवाय तिकडे उन्हाळ्यात पंधरा-सोळा तासांचा दिवस असतो आणि रात्री गार असतात. आमच्याकडे तेरा तासांचा दिवस आणि वैशाखातल्या रात्री कशा असतात ते विचारूच नका. त्यामुळे टनाचा भोपळा पिकवण्याचे स्वप्न मी पाहिले नाही. म्हातारी नाही तर निदान म्हातारीचे गाठोडे मावेल एवढा तरी आणावा, इतकीच माझी महत्त्वाकांक्षा.

मृगाच्या पहिल्या पावसावर मी गावठी बी लावले. आणि इथेच आमच्या घरातल्या तज्ज्ञांचा प्रवेश झाला. आमच्या सौ.चे माहेर कोकणातले, रत्नागिरीकडचे. त्यांच्या परसात पडवळ, दोडकी, भोपळे यांचे मांडव असत आणि वेलाच्या बुडाशी चुलीतली राख टाकण्याचा सासूबाईंचा नेम होता. "अहो, आईचे भोपळे बघितलेत ना तुम्ही? एकाला दोन माणसं लागायची उचलायला! राखेशिवाय वेल धरत नाही," असे म्हणून सौ.ने बंबातली राख रोज घमेल्याने वेलाच्या आळ्यात ओतायला सुरुवात केली. मी एका बागकामाच्या पुस्तकात पाहिले, तर तिथेही छापले होते की लाकडाच्या राखेत पालाश असते आणि ती फळाला पोसते. सासूबाई आणि छापील पुस्तक यांचे एकमत झाल्यावर शंका घेण्याची माझी काय बिशाद?

त्याच आठवड्यात एसटी स्टँडवर माझा एक जुना विद्यार्थी भेटला. मराठी घेऊन बी. ए. झालेला, नोकरीच्या मागे चार वर्षे फिरून शेवटी तालुक्यातल्या आपल्या गावी शेती करणारा. त्याने त्या वर्षी वीस गुंठ्यांत तांबडा भोपळा लावला होता. हिशेब चोख होता. पितृपंधरवड्यात भोपळ्याला मागणी असते, पाठोपाठ नवरात्र येते, सोलापूरचा बाजार तासाच्या वाटेवर. त्या महिनाभरात माल निघाला तर चार पैसे होतात; पुढे दिवाळी झाली की भोपळ्याला कुत्रे विचारत नाही. त्याने विचारले, "सर, तुमीबी भोपळा लावलाय म्हणं. काय घातलाव?"

आता मी काय सांगावे? वेल अजून वीतभर वाढला नव्हता. पण वर्गात उभे राहून वीस वर्षे बोलण्याची सवय. मी स्टँडवर उभ्या उभ्या त्याला नत्र, स्फुरद, पालाश यांवर एक छोटे व्याख्यान दिले आणि शेवटी म्हणालो, "प्रत्येक वेलाच्या बुडात एक-एक पाटी राख घाल. बघ फरक."

"बरं सर," म्हणून तो गेला.

श्रावण लागला आणि माझा वेल पिवळा पडला. शेंड्याकडची कोवळी पाने आधी फिकट हिरवी, मग लिंबाच्या सालीसारखी पिवळी. शिरा तेवढ्या हिरव्या, जणू पिवळ्या कागदावर कुणी हिरव्या शाईने नकाशा काढला आहे. मी पुन्हा पुस्तक उघडले. "पाने पिवळी पडणे हे नत्राच्या कमतरतेचे लक्षण होय." मग मूठभर युरिया टाकला. वेलाने चार दिवस लांबण धरली आणि नवी पाने आली ती पांढुरकी. आलेले दोन कळे गळून गेले. मी आणखी युरिया टाकला. सौ.ने आणखी राख टाकली.

एके दिवशी सकाळी तो विद्यार्थी दारात उभा. हातात वर्तमानपत्राचा पुडा. पुड्यात भोपळ्याची चार पाने होती, आणि चारही माझ्या परसातल्या पानांची सख्खी भावंडे शोभतील अशी. तो म्हणाला, "सर, सगळं वावर असंच झालंय. दुकानदार म्हणतोय औषध मार. म्हटलं आधी सरांना इचारावं."

"राख घातली होतीस?"

"घातली की. तुमीच म्हणलाव ना. घरची पुरंना, म्हणून गुऱ्हाळावरून ट्रॉलीभर आणली."

वाचकहो, पेपरात चुकीचा गुण दिला तर फेरतपासणी असते. वीस गुंठ्यांच्या वेलांना फेरतपासणी कोठली? त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, हेच मला अधिक लागले.

मी त्याला घेऊन तडक आमच्या रसायनाच्या प्राध्यापकांकडे गेलो. गृहस्थ मोजके बोलणारे. त्यांनी पाने हातात घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, "बुडाची जुनी पाने कशी आहेत?"

"हिरवी."

"मग नत्राची तक्रार नाही. नत्र कमी पडले की झाड जुन्या पानांतून ते काढून नव्याला देते. म्हणून आधी जुने पान पिवळे होते आणि सगळेच्या सगळे होते. लोह झाडाला असे हलवता येत नाही. जे पान नवे, त्याच्याच वाट्याला उपास. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा आणि तेही शेंड्याला, म्हणजे लोह." मग ते माझ्याबरोबर घरी आले. बरोबर एक छोटी बाटली होती. परसातले मातीचे एक ढेकूळ उचलून त्यावर त्यांनी बाटलीतले पातळ आम्ल थेंबभर टाकले. ढेकूळ सोडावॉटरच्या बाटलीसारखे फसफसले.

"हा चुना," ते म्हणाले. "चुन्यावर राख घातलीत तुम्ही."

त्या दिवशी माझ्या शब्दसंग्रहात 'सामू' या शब्दाची भर पडली. शेतीखात्याच्या पत्रकांतून हा शब्द पूर्वी नजरेखालून गेला होता, पण रामू, शामू यांच्या पंक्तीत बसणारे ते कुणाचे तरी घरगुती नाव असावे असे वाटण्यापलीकडे माझी प्रगती नव्हती. इंग्रजीत ज्याला पीएच म्हणतात तो हा सामू. सोरेनसेन नावाच्या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने 1909 साली ही मोजपट्टी काढली, आणि तीही कोपनहेगनच्या एका बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत. देवीच्या गावात हे मोठ्याने सांगायची सोय नाही! पट्टीवर 7 म्हणजे ना आंबट ना खारट. खाली गेले की आम्ल, वर गेले की अल्क. मेख अशी की या पट्टीची एकेक पायरी दसपटीची आहे. भोपळ्याला साडेसहाच्या आसपासची माती मानवते. मोठ्या भोपळ्यांचे शौकीन साडेसहा ते सहा-आठच्या पलीकडे तिला जाऊ देत नाहीत. आमच्या परसातली माती पुढे तपासली तेव्हा 8.3 भरली. दिसायला फरक पावणेदोन-दोनचा, पण प्रत्यक्षात साठपटींहून अधिक.

आणि लोहाचे गणित तर याहून विचित्र. सामू एक पायरी चढला की मातीतले लोह पाण्यात विरघळण्याचे प्रमाण सुमारे हजारपटीने घटते. म्हणजे आमच्या काळ्या जमिनीत लोह नाही असे मुळीच नाही; ज्या काळ्या फत्तरातून ती झाली त्यात लोह भरपूर. पण ते तिजोरीत कुलूपबंद, आणि किल्ली चुन्याच्या खिशात. वेल लोहाच्या ढिगावर उभा राहून लोहाविना पिवळा पडतो.

मग सासूबाईंचे भोपळे कसे पोसले? त्याचे उत्तर रसायनाच्या प्राध्यापकांनी दोन वाक्यांत दिले. कोकणात आमच्या चौपट पाऊस पडतो. तो जांभ्या मातीतला चुना वर्षानुवर्षे धुऊन समुद्रात नेतो, म्हणून तिथली माती आंबट. सामू पाच-सहाच्या घरात. तिला राख म्हणजे औषध. राख स्वतः अल्क, ती आंबटपणा मारते आणि वर पालाश देते. आमच्या बालाघाटावर पाऊस तुटपुंजा. फत्तरातून सुटलेला चुना वाहून न जाता जागच्या जागी साचतो. दोन फूट खणले की चुनखडीचे पांढरे खडे लागतात. पालाश आमच्या काळ्या मातीत मुळातच उदंड. म्हणजे जी गोष्ट जास्त आहे तीच आम्ही टोपल्या भरभरून घालत होतो. त्यातून माझे परस गावठाणात. काळी आणि पांढरी हा आपल्याकडचा जुना भेद. काळी ती शेताची, पांढरी ती वस्तीची. पांढरीत पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख आणि पडक्या भिंतींचा चुना मिसळलेला. सासूबाईंचे ज्ञान शंभर टक्के खरे होते, फक्त ते घाट चढून वर आल्यावर उलटे झाले. हे मी सौ.ला समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आईचं चुकलं नाही ना?" नाही, म्हटले. "मग झालं तर!"

पण माझ्या विद्यार्थ्याचे काय? त्याच्या वीस गुंठ्यांचे नमुने घेऊन आम्ही माती तपासायला दिली. आमच्या तुळजापुरातच कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठाचे. वर्षानुवर्षे त्याच्यावरून फिरायला जात होतो, आत पाऊल कधी टाकले नव्हते. नमुना कसा घ्यायचा हेही मला ठाऊक नव्हते. बांधाजवळची, झाडाखालची, खताच्या ढिगाजवळची माती घ्यायची नाही. शेतात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती तासून घ्यायची, एकत्र मिसळायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असे करीत करीत अर्धा किलो ठेवायची. कागद हाती आला तो असा : सामू 8.2, मोकळा चुना शेकडा 8, सेंद्रिय कर्ब शेकडा 0.4, पालाश भरपूर, स्फुरद कमी, जस्त कमी, आणि लोह दशलक्ष भागांत 2.4 भाग, साडेचारच्या खाली गेले की ते अपुरे समजतात.

विद्यार्थी हुशार. त्याने मोबाइलवर वाचले होते की गंधक घातले की सामू उतरतो. विलायतेतले भोपळेवाले तेच करतात. दुकानदारही पोती द्यायला तयार होता, उधारीवर. मलाही ते पटले होते, पण या खेपेला मी तोंड मिटून रसायनाच्या प्राध्यापकांकडे पाहिले. त्यांनी पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. तो इथे देतो, कारण पुढे ज्याला कुणी सामू उतरवायचे औषध विकायला येईल त्याला तो उपयोगी पडेल. एक गुंठा जमीन, अर्धा फूट खोल. माती भरली सुमारे वीस टन. शेकडा 8 प्रमाणे तिच्यात चुना सोळाशे किलो. एक किलो गंधकाचे मातीत जे आम्ल होते ते तीन किलोंच्या थोड्या वर चुना मारते. म्हणजे आधी चुना संपवायला गुंठ्याला पाच क्विंटल गंधक हवे, आणि चुना संपल्याशिवाय सामू काही खाली बसत नाही. वीस गुंठ्यांना शंभर क्विंटल! एवढ्या गंधकात तुळजापूरच काय, सोलापूरचीसुद्धा दिवाळी होईल. पोतेभर गंधक टाकणे म्हणजे हत्तीच्या पायावर सुई टोचणे. विलायतेत ते चालते कारण तिथल्या मातीत हा साठा नसतो. तिकडच्या पुस्तकातले वाक्य इकडच्या मातीत लावायचे, हीच तर राखेची चूक होती; गंधकाने मी ती दुसऱ्यांदा करणार होतो.

"जमीन बदलत नाही," ते म्हणाले, "आळे बदलता येते."

त्या हंगामात करण्यासारखे थोडेच उरले होते. बुडाची राख जमेल तेवढी खरवडून काढली. दहा लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम हिराकस आणि दहा ग्रॅम किराणा दुकानात मिळते ते लिंबूसत्त्व घालून, ऊन उतरल्यावर पानांवर फवारले. आठवड्याच्या अंतराने तीनदा. मातीशी भांडण नको म्हणून लोह थेट पानाच्या तोंडात. हिराकस म्हणजे लोहाचा क्षार. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई पूर्वी करीत असत. मराठीच्या माणसाची हिराकसाशी ओळख एवढीच, ती शाईतून निघून भोपळ्याच्या पानावर जाईल असे मला कधी वाटले नव्हते. चार-पाच दिवसांत पिवळ्या पानांवर हिरवे ठिपके उमटले, मग ते पसरले. वेल सावरले, पण तीन आठवडे हातचे गेले होते. पितृपंधरवड्यात त्याच्याकडे विकायला थोडा माल होता. बराचसा दसऱ्यानंतर, देवी पलंगावर निद्रा घेत होती त्या दिवसांत निघाला, आणि भाव तोवर उतरला होता. किती नुकसान झाले ते मी त्याला विचारले. त्याने सांगितले नाही. "जाऊ द्या सर, सगळी राखच काही तुमची नव्हती, जमीनबी तशीच आहे," एवढेच बोलला. रसायनाचे प्राध्यापकही तेच म्हणाले होते की चुना मूळचाच, मी फक्त भर घातली. पण भर तर घातली होती.

त्या हिवाळ्यात तो आणि मी पंढरपूरला गेलो. विठोबाचे दर्शन हे निमित्त; मनात होते ते भीमाकाठचे भोपळे. मिरजेचे सतारमेकर तंबोऱ्याला जो भोपळा लावतात तो पंढरपूर, मंगळवेढा, बेगमपूर या भागात पिकतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण तंबोऱ्यातला जो घुमारा आपण ऐकतो तो जन्मतो भीमेच्या काठी. हा तांबड्या भोपळ्याचा नव्हे, दुध्याचा भाऊबंद. कडू, म्हणून त्याला माणूस खात नाही नि जनावरही सहसा तोंड लावत नाही. वाळला की कवटी लाकडासारखी. एकेक भोपळा असा की दोन्ही हातांच्या मिठीत मावू नये. मला प्रश्न होता तो हा की सोलापूर जिल्ह्यातली जमीनही आमच्यासारखीच चुन्याची. मग तिथे एवढी फळे कशी?

शेतकऱ्यांशी बोललो, जमीन पाहिली. नदीकाठची खोल गाळाची माती, हाताला भुसभुशीत लागणारी; शेणखत सढळ; वेलावर मोजकीच फळे राखलेली, बाकीची लहानपणीच खुडलेली; बुडाला ओल लागू नये म्हणून फळाखाली पाचटाची गादी. घाई कशाचीच नाही. वेल वाळला तरी फळ तसेच ठेवायचे. चुना त्यांच्याही मातीत होता, पण मुळांना तो टाळून जायला जागा होती, आणि कुजलेल्या खतात लोह-जस्त धरून ठेवण्याची जी शक्ती असते ती मुळांच्या दिमतीला होती. विद्यार्थ्याने तिथली मूठभर माती धोतराच्या नव्हे, पँटच्या खिशात घातली. ती पुढे धुण्यात निघाली म्हणून त्याला घरी बोलणी बसली ते निराळे.

पुढल्या वर्षी आम्ही दोघांनी एकाच रीतीने आळी केली. दोन फूट लांब-रुंद, दीड फूट खोल. उन्हाळ्यातच खणून तापू दिली. प्रत्येकात दोन घमेली मुरलेले शेणखत आणि पालापाचोळा. त्यातच दोन मुठी सिंगल सुपर फॉस्फेट आधी आठ-दहा दिवस मुरवलेले, कारण मोकळा टाकलेला स्फुरद चुना तत्काळ गिळतो. हिराकस पन्नास ग्रॅम, तोही शेणखतात कालवून. जस्ताचा क्षार वेगळ्या टोपलीत मुरवला, स्फुरदाशी त्याचे पटत नाही. विळ्या-भोपळ्याचे सख्य म्हणतात तसे. गंधक घातले, पण मूठभर, त्या आळ्यापुरते. मातीतले सूक्ष्म जंतू त्याचे आम्ल करायला काही आठवडे घेतात, म्हणून आधीच. युरियाऐवजी अमोनियम सल्फेट, चिमटी-चिमटीने, वेल पसरेपर्यंतच; फळ धरल्यावर नत्र वाढवले की पाला माजतो आणि फळ तडकते. अल्क जमिनीवर उघडा युरिया टाकला तर त्यातला बराच वायू होऊन उडून जातो हेही तेव्हाच कळले. आदल्या वर्षी मी खत वेलाला घालत होतो की आकाशाला, देव जाणे!

पाण्याची गोष्ट मात्र बरीच उशिरा ध्यानात आली. आमच्या बोअरचे पाणी जड. भांड्यात पांढरा थर धरणारे. म्हणजे रोज सकाळी आळ्याला आम्हीच चुना पाजत होतो. पत्र्यावरचे पावसाचे पाणी दोन पिंपांत साठवून पावसाच्या उघडिपीत ते वेलाला दिले. शेतात हे जमत नाही. तिथे शेणखताची मात्रा वाढवणे आणि हिराकसाची फवारणी वेळेवर करणे एवढेच हाती. दुकानात लोहाचे चिलेट म्हणून डबे मिळतात. त्यातले ईडीटीए लिहिलेले आमच्या मातीत टिकत नाही, ते पानांवरच वापरावे. मातीत द्यायचे तर ईडीडीएचए, आणि ते महाग. डबा घेण्याआधी अक्षरे नीट वाचावीत. मराठीच्या प्राध्यापकाने देण्यासारखा एवढाच सल्ला.

पहिल्या वर्षी बारा किलो, दुसऱ्या वर्षी एकोणीस. तिसऱ्या वर्षी मी वेलाच्या पेरांवर माती ओढली, तिथून नवी मुळे फुटली. पहाटे नरफूल खुडून मादीफुलाला स्वतः लावले. एक फळ ठेवून बाकीची खुडली, तेव्हा सौ. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. फळावर जुन्या छत्रीची सावली केली. येणारे-जाणारे कुंपणाशी थांबून विचारू लागले की छत्री कुणाची?

सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी ते फळ हातगाडीवर घालून आडतीच्या काट्यावर नेले. सत्तावीस किलो भरले. तिकडे दिवसाला पंधरा-वीस किलोंनी वाढणारे भोपळे असतात. आमचे सगळे मिळून सत्तावीस. हमालाने दोन्ही हातांनी थोपटून पाहिले आणि विचारले, "मास्तर, ह्यात कोण बसनार?" धाकटी आता नववीत गेली आहे. ती हातगाडीच्या मागे तोंड लपवून उभी होती, कोणी मैत्रीण पाहील म्हणून. म्हातारीच्या गोष्टीची आठवण तिला राहिली आहे की नाही हे मी विचारले नाही.

विद्यार्थ्याचा माल त्या वर्षी पंधरवड्याच्या आधीच सोलापूरला गेला होता. अमावास्येला तो जेवायला आला. भोपळ्याची भाजी होती, घारगे होते. निघताना सौ.ने बंबातल्या राखेचे पोते दाखवून विचारले, "हिचं आता करायचं काय? भांडी घासून सरत नाही."

तो म्हणाला, "द्या वैनी. धान्यात घालतो, किडा लागत नाही." मग माझ्याकडे वळून, पोते पाठीवर घेता घेता, "सर, यंदा मागच्या वावरात तूर लावावी म्हणतो. काय घालू?"

खिडकीत वर्तमानपत्रावर भोपळ्याच्या बिया वाळत होत्या. त्यातल्या निम्म्या मी त्याला पुडीत बांधून दिल्या.

"माती आणलीस का?" मी विचारले.

त्याने पँटच्या खिशात हात घातला.